हुकूम भांड्याचा

घाटाच्या पायथ्याशी, खालापुरात, एक बाई ओव्याचं तेल काढायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही, पण तो दिवस आठवला की आजही माझं डोकं फिरतं.

तांब्याच्या हंड्यात ती ओवा उकळायची. वाफ कुठून सुटू नये म्हणून झाकणाच्या कडेला कणीक लिंपायची. बांबूच्या नळीतून वाफ थंड पाण्यात ठेवलेल्या मडक्यात उतरायची. वर तरंगणारं तेल ती कोंबडीच्या पिसानं टिपायची आणि शेवटी ते पीस कानामागे पुसायची.

त्या दिवशी पोरीच्या पोटदुखीसाठी मी तेल घ्यायला गेलो होतो. तेवढ्यात चोरटी दारू पकडणारा सरकारी शिपाई आला. मोहाची दारूही अशाच भांड्यात निघते. त्यानं झाकण उपटलं आणि आख्खी आळी ओव्याच्या वासानं घमघमली.

"दारूला असा वास येतो का?" मी ओरडलो.

"ओवाच आहे, कळतंय मला," तो डोळे पुसत म्हणाला. "पण हुकूम भांड्याचा आहे. आत काय आहे त्याचा नाही."

आणि त्यानं हंड्यात पहार घातली. मूर्ख परवडला, हा तर कळूनसवरून फोडत होता!

बाई रडली नाही. झाकणाला चिकटलेली, ओव्यात मुरलेली कणीक तिनं खरवडली आणि माझ्या हातावर ठेवली.

"पोरीच्या पोटावर बांध जा. आजच्यापुरती हाय."

मग ती शिपायाकडं वळली.

"आन् तुजं पोट दुखलं रं, तर तो हुकूम चावून खा."