पुसलेली रेघ

आमच्या कॉलनीच्या गायनवृंदात नव्या माणसाला नवी वही देत नाहीत, सोडून गेलेल्याची देतात. मला आधी हा निव्वळ चिकटपणा वाटला. माझी वही दोघींनी वापरलेली. गाण्यांच्या ओळींवर त्यांच्या पेन्सिलीच्या बारीक रेघा आहेत. त्यांच्याशेजारी मी माझ्याही मारल्या. जिथे रेघ, तिथे श्वास घ्यायचा. शेजारणीची रेघ मात्र दुसरीकडे हवी. दोघींनी एकदम श्वास घ्यायचा नाही, हा इथला पहिल्यापासूनचा नियम. त्यामुळे लांबलचक सूर ऐकणाऱ्याला अखंड वाटतो.

काल कार्यक्रमात शेवटच्या गाण्याआधी व्हायोलिनवाले तारा जुळवत होते. तेवढ्यात शेजारच्या मालूताई कानाशी म्हणाल्या, "आज माझा दम पुरायचा नाही गं. शेवटच्या सुराला सांभाळून घे."

मी मान डोलावली.

तो सूर लागला. मालूताई अर्ध्यातच गप्प झाल्या. माझी रेघ आली, मी थांबले नाही. छाती फुटायला आली, तरी पेटीवरच्या बाई वर धरलेला हात खाली करून सूर थांबवेनात. शेवटी घेतलाच श्वास. संपलं, असं वाटलं. पण सूर तुटला नव्हता. मागच्या रांगेतल्या कुणीतरी तो धरून ठेवला होता.

आज सकाळी ते पान उघडलं. आधीच्या दोघींच्या बाकी सगळ्या रेघा शाबूत आहेत. त्या एका सुरावरच्या तेवढ्या दोघींनीही पुसल्या आहेत; माझ्या रेघेशेजारी त्यांचे नुसते वळ उरलेत. कुणासाठी, ते कुठेच लिहिलेलं नाही.

मी खोडरबर शोधायला उठले.