तारखेचा रकाना

माझ्या धाकट्या जावेला कंपनीत मीच लावलं. निघोज्याजवळच्या त्या कारखान्यात गाड्यांच्या वायरी बांधायचं काम चालतं, आणि मी तिथं नऊ वर्षं ठेकेदाराकडून लागलेली. आमच्या दोघींचे नवरे मिळून एक टेंपो चालवायचे. त्याचा हप्ता जाऊन जे उरायचं, ते न उरल्यासारखंच. आळंदीतल्या दोन खोल्यांचं भाडं, किराणा, पोरांच्या फिया, सगळं माझ्या पगारावर. म्हटलं, हीपण आली तर हातभार लागेल.

लाइनवर माझा मान होता, कारण पगारपत्रक माझ्या हातात असायचं. ठेकेदाराचा सुपरवायझर महिन्याच्या सुरुवातीला तो मोठा कागद आणून द्यायचा आणि मी चहाच्या सुट्टीत चाळीस बायकांच्या सह्या घ्यायचे. सही आधी, पगार नंतर, अशी रीतच होती. सहीशेजारी ‘पगार मिळाल्याची तारीख’ असा एक रकाना असायचा, तो कोरा ठेवायचा. मागाहून सुपरवायझर सगळ्यांपुढं सात तारीख टाकायचा. कागद कंपनीच्या ऑफिसात जायचा, ठेकेदाराचं बिल पास व्हायचं, आणि आमचा पगार पडायचा वीस-बावीसला. कधी पंचवीसला. बायका विचारायच्या, “ताई, कधी होईल हो?” मी आत्ताच साहेबाशी बोलून आल्यासारखा चेहरा करायचे आणि म्हणायचे, “होईल या आठवड्यात.” मला काडीची माहिती नसायची. पण विचारायच्या मलाच, आणि ते मला फार आवडायचं.

जाऊ बारावी झालेली. आल्या आल्या आठवड्याभरात तिनं पंचिंग मशिनशेजारचा कायद्यांचा फळा वाचून काढला. नऊ वर्षं मी त्या फळ्यासमोर रांगेत उभी राहिले, त्याच्या काचेत बघून टिकली सारखी केली. आत काय लिहिलंय ते वाचलं कधीच नाही. ही जेवणाच्या सुट्टीत म्हणाली, “ताई, सात तारखेच्या आत पगार द्यायचा कायदा हाय. ठेकेदारानं नाही दिला तर कंपनीनं द्यायचा अन् त्याच्या बिलातून कापून घ्यायचा.” समोरच्या दोघी-तिघी आपापले डबे घेऊन तिच्याजवळ सरकल्या. माझ्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून.

“फळ्यावरचं फळ्यावरच राहतं,” मी म्हणाले. कुणी ऐकलं नाही.

पुढच्या महिन्यात मी पत्रक टेबलावर ठेवून स्टोअरला टेप आणायला गेले. परत आले तर तारखेचे रकाने भरलेले. सगळ्यांत वर जावेचं वळणदार अक्षर, ‘अजून मिळाला नाही’. खाली एकजात सगळ्यांनी तेच लिहिलेलं, कुणीकुणी तर सहीपेक्षा मोठं. मला भीती नंतर वाटली. आधी वाटलं ते हे, की नऊ वर्षांत माझ्या सांगण्यावरून या बायकांनी डब्याचं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं. जावा जावा आणि उभा दावा म्हणतात. आमच्यात दावा एकटीचाच होता, माझा. तिच्या गावीही नव्हता.

कागद बघून सुपरवायझर लालेलाल झाला. असला कागद तो ऑफिसात देणार कसा? मला बाजूला घेऊन म्हणाला, “हे कुणाचं डोकं हाय? तुमी जुन्या हाय, तुमाला ठाव असंल.” त्याला अजून काहीतरी बोलायचं होतं, धमकी द्यायची असेल, आमिष दाखवायचं असेल. मी तेवढंही थांबले नाही. “आमच्या घरातलीच आहे,” म्हणाले. तिला नुसती झापतील, जरा जमिनीवर येईल, एवढंच मला हवं होतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलंय. खरं म्हणजे त्या घटकेला मला ती तिथं नकोच होती.

दुसऱ्या दिवशी गेटवर तिचं कार्ड चाललं नाही. सिक्युरिटीवाला म्हणाला, नाव कमी केलंय. मी माझं कार्ड लावून आत गेले.

ती रडत घरी बसेल असं वाटलं होतं. तिनं बायकांच्या पासबुकांच्या झेरॉक्स गोळा केल्या, सह्यांचा अर्ज केला आणि पुण्याला कामगार कार्यालयात नेऊन दिला. त्यांनी ठेकेदाराला बोलावलं, कंपनीलाही बोलावलं. पासबुकातल्या तारखा आणि जुन्या पत्रकांवरच्या सात तारखा शेजारी शेजारी ठेवल्यावर कंपनीच्या माणसानं चूक मान्य केली. अडकलेला पगार कंपनीनं दिला आणि पुढच्या महिन्यापासून तो सातच्या आत पडायला लागला. बायकांनी तिला गेटबाहेर बोलावून पेढे दिले. मीही खाल्ला. माझ्याही खात्यात पगार वेळेवर आला आणि तो हिच्यामुळं आला, हे मला पगार न येण्यापेक्षा जड गेलं.

तिला कामावर मात्र घेईनात. ठेकेदार म्हणे, काम कमी झालं म्हणून काढली, पत्रकाचा संबंध नाही. संबंध आहे हे सांगणारं कुणीतरी हवं होतं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, “ताई, साक्षीला येता का? त्या दिवशी सुपरवायझरजवळ तुम्हीच उभ्या होतात.” नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही.

कामगार कार्यालयातल्या साहेबांनी विचारलं, “पत्रकामागं या आहेत, हे सुपरवायझरला कुणी सांगितलं?”

“मी.”

“का?”

“हिचं चाललेलं बघवत नव्हतं.”

साहेबांनी पेन थांबवून एकदा माझ्याकडं, एकदा तिच्याकडं पाहिलं आणि ‘मी’ एवढंच लिहून घेतलं. तेवढं पुरलं. ठेकेदारानं मुकाट्यानं तिला परत घ्यायचं कबूल केलं.

परतीच्या बसमध्ये आम्ही एकाच सीटवर बसलो. बस सुटली तशी ती खिडकीबाहेर बघायला लागली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, “मला पहिल्या दिवशीच कळालं होतं. पण मी बोलले असते तर बायकांनी तुम्हाला लाइनवर टिकू दिलं नसतं. माझा गेला, निदान तुमचा तरी पगार घरात येत राहू दे म्हणून गप बसले.”

तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. इतकं मोठं मन हिच्याकडं कुठून आलं, याचाच मला त्याही वेळी हेवा वाटला, आणि त्याची लाजही वाटली. तेवढ्यात कंडक्टर आला. मी घाईघाईनं दोघींच्या तिकिटाचे पैसे पुढं केले.

“त्यांचं एकच काढा,” ती त्याला म्हणाली, आणि स्वतःचे पैसे तिनं वेगळे दिले.