हात धरून ओढल्याचा दंड

हे सांगायचं मी अकरा वर्षं टाळलं. प्रल्हादला जाऊन पाच आठवडे झाले. युट्रेख्टच्या शोकसभेत एक जण म्हणाला, "ती एक चूक सोडली, तर पंच म्हणून माणूस चोख होता." मी मान खाली घालून चहा पीत राहिलो. ती चूक त्याची नव्हतीच.

आम्ही दोघं नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी इथे परदेशातल्या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यांत पंच म्हणून उभे राहायचो. त्या खेळात एक अडगळीतला नियम आहे. चेंडू घेऊन पळणाऱ्याला सहकाऱ्याने मागून ढकललं तर चालतं, पुढून हात धरून ओढलं तर दंड; पंचाने पिवळा झेंडा मैदानावर टाकायचा. ओढाओढी सर्रास चालते आणि पंच वर्षानुवर्षं दुसरीकडे बघतात. मग एखाद्या दिवशी लहर आली की तोच नियम कुणा एकाच्या डोक्यात हाणायचा... याला न्याय म्हणायचं?

त्या उपांत्य सामन्याचा मुख्य पंच मी होतो. सामन्याआधी आम्ही सगळे पंच कपडे बदलायच्या खोलीत बसून आज काय धरायचं, काय सोडायचं, ते ठरवायचो. पंच नेमणाऱ्या समितीने मला फोनवर या नियमाबद्दल ताकीद दिली होती, म्हणून मी सांगितलं, "आज कुणी ओढताना दिसला की झेंडा."

प्रल्हाद हसला. "नक्की ना रे? नाहीतर मी एकटाच टाकेन आणि तू आभाळ बघत बसशील."

तसंच झालं. पूर्वार्धात यजमानांच्या एका खेळाडूने माझ्या डोळ्यांदेखत सहकाऱ्याचं मनगट धरून त्याला गुण मिळवून देणाऱ्या रेषेपार ओढलं. स्टेडियम उसळलं. माझा हात झेंड्यापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. शेवटच्या मिनिटाला पाहुण्यांनी हुबेहूब तेच केलं, आणि प्रल्हादने पिवळा झेंडा टाकला. गुण रद्द झाले, पाहुणे हरले.

पाहुण्यांनी तक्रार केली. चौकशीत समितीने विचारलं, अशी काही सूचना होती का? ज्यांनी ताकीद दिली, तेच विचारत होते. मी म्हणालो, "आठवत नाही." बाकीच्या पंचांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांनाही आठवेना. प्रल्हादवर पक्षपाताचा ठपका बसला. पुन्हा त्याला एकही सामना मिळाला नाही. मी मात्र आणखी चार वर्षं शिट्टी वाजवत राहिलो.

त्याने मला कधीच जाब विचारला नाही. आल्मेरेला घरी येत राहिला, जेवत राहिला. शेवटच्या भेटीत, हॉस्पिटलमध्ये, एवढंच म्हणाला, "अरे, पूर्वार्धातलं ते तू पाहिलं होतंस ना?"

मी घड्याळ बघितलं. म्हणालो, "निघतो, ट्रेन चुकेल."

परवा सुनंदावहिनींनी त्याचा झेंडा माझ्या हातात ठेवला. फेकल्यावर वजनाने नीट लांब जावा म्हणून त्याच्या कोपऱ्यात त्यांनीच कधीतरी वालाचे दाणे शिवले होते. म्हणाल्या, "तुमच्याकडे असू द्या, भाऊजी. हे म्हणायचे, त्या दिवशीचं खरं तुम्हालाच माहीत आहे."

झेंडा टेबलावर आहे. कोपरा चाचपला की दाणे बोटांना लागतात.

प्रल्हाद, मी पाहिलं होतं. मला माफ...