सहीमामांचा अंगठा

साधं पोस्टकार्ड आलं तरी आमचे मामा पोस्टमनला सही देत. "लागत नाय, मामा," तो म्हणायचा. "राहू दे तुझ्यापाशी," मामा म्हणत. त्यामुळे सगळी गल्ली त्यांना सहीमामा म्हणायची.

नामांतराच्या मोर्चात पकडले गेले, तेव्हा तुरुंगाच्या कागदावर त्यांना अंगठा उमटवावा लागला होता. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मागायचं आणि स्वतःचं लिहिता येऊ नये, हे त्यांना फार लागलं. सोबतच्या कॉलेजच्या पोरांकडून लिहायला शिकूनच ते सुटले. "आता अंगठा फक्त तंबाखू मळायला," असं त्यांनी जाहीर केलं.

अशा माणसावर स्कूटरच्या थकलेल्या हप्त्यांचा दावा लागला! मामांना सायकलसुद्धा येत नव्हती. चिकलठाण्याच्या कारखान्यात ते पायी जात. त्यांचं हरवलेलं रेशनकार्ड दाखवून कुणीतरी त्यांच्या नावावर स्कूटर उचलली होती, अन् कर्जाच्या कागदावर ठोकला होता अंगठा. वसुलीवाले तर कॉटखाली वाकून स्कूटर शोधून गेले. मामांचं दुःख निराळंच होतं. "चोरानं गाडी नेली, नेऊ दे. पण मला अंगठेबहाद्दर करून ठेवलं?"

कोर्टात न्यायाधीश म्हणाले, "सोपं आहे. अंगठा द्या, ताडून पाहू."

"अंगठा नाय देणार, साहेब. सह्या मागा, शंभर करतो."

"मग कर्ज तुमचंच धरावं लागेल."

म्हणजे राहत्या दोन खोल्यांवर जप्ती. मामी मागून ओरडल्या, "अवं, द्या की! धुता येतंय नंतर!" मी तेव्हा कायद्याच्या पहिल्या वर्षाला होतो. अक्कल पाजळत मामांच्या कानात म्हणालो, "पायाचा चालंल का, विचारू?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढं वकिलीच्या वाटेला गेलो नाही.

शेवटी मामींचे डोळे भरलेले पाहून मामांनी अंगठा टेकवला. पण लगेच पेन मागून खाली लिहिलं : 'हा अंगठा माझा. तो अंगठा माझा नाही.' आणि ठसठशीत सही.

"हे कशाला?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नायतर लोक म्हणतील, मामा परत अंगठ्यावर आला."

ठसे जुळले नाहीत. दावा फेटाळला. घरी पेढे वाटले जात होते, आणि मामा मोरीत बसून टाचा घासायच्या वजरीनं अंगठा घासत होते.

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. आता रेशनच्या मशीनला अंगठाच लागतो. मी दर महिन्याला विचारतो, "सही चालंल का?"

"काका, मागं लाइन हाय," दुकानदार म्हणतो.

मी अंगठा टेकवतो. शाई लागत नाही, तरी घरी आल्यावर आधी मोरीत जातो.