कोरडी करंगळी

बोईसरच्या बाजारात नवापूरची एक मासेवाली बसते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. बोंबील साफ करताना ती एक करंगळी वर, कोरडी ठेवते. त्या करंगळीने फोनवरचं माइकचं बटण दाबून धरते आणि होडीवरच्या नवऱ्याला ओरडून निरोप पाठवते.

मी चौथी शिकलेली. चुका होतील म्हणून गावाकडच्या ताईला कधी मेसेज लिहिला नाही. फोन करावा, तर ती दिवसभर रानात, तिथे रेंज नसते.

एकदा धीर करून मी विचारलं, "मावशी, तुम्हाला लिहिता येतं?"

ती खदखदून हसली. "नाय गो बाय! लिवायला लागलं असतं तर आमच्या गावात फोन घेतला असता कोणी? बोलायचं नि सोडायचं. माणूस रेंजमध्ये आला की ऐकतो."

घरी येऊन मी दार लावलं, फोनवरचं तेच बटण दाबून धरलं. "ताई, मी बोलतेय," एवढंच जमलं.

संध्याकाळी ताईचा आवाज आला, "अगं, थांबलीस का? बोल की अजून!" मागे तिच्या कोंबड्यासुद्धा ऐकू आल्या!

दुसऱ्या दिवशी भर बाजारात मी लांबूनच ओरडले, "मावशी, ताई बोलली!" सगळ्या मासेवाल्या वळून बघायला लागल्या. तिने हातातला बोंबील न सोडता कोरडी करंगळी उंच केली.