पडद्यामागची वीस मिनिटं

आई प्रार्थना करायची ती अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशी. संध्याकाळी सातला चर्चची घंटा झाली की ती खाटेवर बसून रोझरीची माळ सुरू करायची. दादरच्या आमच्या चाळीत शेजारच्या काकू मूळच्या रत्नागिरीच्या, घरी गणपती बसवणाऱ्या, पण त्यांचा कुकर आईच्या माळेवर चालायचा. माळेचे पाच भाग; तिसरा संपला की गॅस बंद. आईचा घसा बसला होता तेव्हा त्यांची डाळ करपली, आणि ते त्यांनी मला दोनदा ऐकवलं.

मी मात्र तापट. ऑफिसात, बसच्या रांगेत, घरी, कुठेही माझं बिनसायचं. पन्नाशी उलटल्यावर याचीच लाज वाटायला लागली, म्हणून भायखळ्याच्या एका चर्चच्या हॉलमध्ये शनिवारी मौन प्रार्थनेला जाऊ लागले. शिकवणाऱ्या सिस्टर म्हाताऱ्या होत्या, हळू बोलायच्या. देवाकडे काही मागायचं नाही, नुसतं त्याच्यासमोर बसायचं, वीस मिनिटं. एक शब्द निवडायचा. मन भरकटलं की त्या शब्दाला धरून परत यायचं. एकदा घेतलेला शब्द बदलायचा नाही. "आवाज आला, आठवण आली, पायाला मुंगी चावली, सगळं विचारच समजा," त्या म्हणायच्या. "भांडू नका त्याच्याशी. हलकेच सोडून द्या." मी शब्द घेतला, कृपा.

घरी मी साडेसहाला बसायची. आतल्या खोलीत खुर्ची, मध्ये पडदा, फोनवर वीस मिनिटांची घंटा लावलेली. आईला हे अजिबात पटलं नव्हतं. तिचं माहेर माहीमच्या कोळीवाड्याजवळचं, तिथे देवाशीही वरच्या पट्टीत बोलतात.

"तोंड मिटून कसली गो प्रार्थना?" ती म्हणायची. "पोटात दुखल्यासारखी बसते नुसती."

आणि मी डोळे मिटले रे मिटले की तिला चष्मा सापडायचा नाही. मग पंखा जोरात व्हायचा. मग आज बोंबील आणले की नाही, हे तिला तेव्हाच जाणून घ्यायचं असायचं. एके दिवशी माझं डोकं फिरलं. पडदा खसकन सारून मी तिच्यावर ओरडले, "वीस मिनिटं! दिवसातली फक्त वीस मिनिटं मला हाक मारू नकोस. मेलीस तरी मारू नकोस!"

हे मी बोलले. शांती मिळावी म्हणून बसलेली बाई हे बोलली.

आईने त्यानंतर खरंच कधी हाक मारली नाही. साडेसहा वाजले की ती माळ हातात घेऊन गप्प बसायची, सात वाजायची वाट बघत. काकूंनाही हाताने खुणावायची, आत प्रार्थना चालू आहे म्हणून. काही महिने असे गेले. मला वाटलं, घराला वळण लागलं.

त्या दिवशी मी नेहमीसारखी बसले. निम्मा वेळ झाला असेल, तेव्हा पडद्यापलीकडून आवाज आला. "बाय." अगदी हळू. मला ती बाय म्हणायची. थोड्या वेळाने पुन्हा, "बाय गो."

मी ऐकलं. ऐकलं नाही असं मी कुणालाच सांगू शकत नाही. पण मला राग आला नाही. कपाळाला आठी नाही, दात आवळलेले नाहीत. पहिल्यांदाच मला सिस्टर म्हणायच्या तसं जमलं. मी ती हाक हलकेच सोडून दिली आणि शब्दाकडे परत आले. पुढची दहा मिनिटं इतकी शांत गेली की घंटा वाजल्यावरही मी उठले नाही, आणखी थोडी बसले. जमलं म्हणून स्वतःवर खूश होते.

बाहेर आले तेव्हा आई खाटेच्या कडेला, भिंतीला टेकून बसली होती. एका पायात चप्पल होती. दुसरी पायाने ओढताना उलटी झाली होती. ती उठून माझ्याकडे यायला निघाली होती. मी हात लावला तेव्हा ती गेलेली होती.

खालच्या मजल्यावरचे डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, लगेच आला असतात तरी काही झालं नसतं. खरं असेल. पण मी तिला वाचवायचं म्हणत नाही. तिने हाक मारली आणि मी जिवंत, धडधाकट, आठ पावलांवर असून ओ दिली नाही, एवढंच म्हणते. आणि ती हाक हळू होती, कारण मला त्रास नको म्हणून ती हळू मारली होती.

मी सिस्टरना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आईची हाक म्हणजे विचार नव्हे, हे मी सांगायला हवं होतं." त्या रडत होत्या. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, ते झालं नाही.

मी अजून बसते. साडेसहाला, त्याच खुर्चीत. पडदा काढून टाकलाय, समोर खाट दिसते. काकूंनी डाळीला आता शिट्ट्या मोजायला सुरुवात केली आहे; त्या ऐकू येतात. कृपा हा शब्द मला पुन्हा धरता आला नाही. बदलायचा नसतो, तरी बदलला. आता वीस मिनिटं मन भरकटलं की मी फक्त "ओ" म्हणते, तोंडाने, काकूंनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. देवाला वाटतं, त्याला म्हणते. वाटू दे.