मदतीच्या ब्लँकेटचा रंग

मित्रहो, बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात मी रंगमास्तर आहे. डिग्री नाही, सगळं रंगाच्या हौदावर उभं राहून शिकलो. पण छटा ओळखण्यात आजवर चुकलो नाही.

आज ब्लँकेटची ऑर्डर आली. युद्ध पेटलेल्या एका देशातल्या बेघर बायका-लेकरांसाठी आपल्या देशाकडून मदत. रंगाचा नमुना पाहिला तर थेट फौजी हिरवा!

"साहेब, हाच रंग काहून?"

मॅनेजर हसले. "मळखाऊ आहे ना मास्तर! नमुन्यावर मंजुरीची सही करा, कायले डोकं लावून राहिले?"

"मळखाऊ तर तपकिरीबी असते," मी म्हटलं आणि उद्यापर्यंत वेळ मागितला.

सही करू की नको, सांगा. मदतीला माझी ना नाही. पण थंडीत कुडकुडणाऱ्या लेकराला झाडीत लपायचा रंग कशाला लागतो?